दार लागल्यावर

आपल्या कुत्र्याला एकटं राहण्याची धास्ती वाटते, हे घरच्यांना बहुतेक वेळा शेजाऱ्यांकडून कळतं. खालच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये गाठून सांगतात, "तुम्ही गेलात की फार रडतो हो तुमचा कुत्रा." ऐकणाऱ्याचा आधी विश्वास बसत नाही, कारण घरात माणसं असतात तेव्हा हाच कुत्रा सोफ्याखाली निवांत घोरत पडलेला असतो. मग कधीतरी दाराच्या आतल्या बाजूचे नखांचे ओरखडे नजरेला पडतात. चौकटीचं लाकूड कुरतडलेलं असतं, उंबऱ्यापाशी लाळेचं थारोळं असतं आणि शू-शी बाहेरच करायची पक्की सवय असलेल्या कुत्र्यानं हॉलच्या मधोमध घाण केलेली असते.

पशुवैद्य याला सेपरेशन अँक्झायटी म्हणतात. यात हट्ट नसतो, सूड नसतो आणि अतिलाडाचं फळही नसतं. ही भीती आहे, आणि तीही साधी नाही, जीव घाबरा करणारी. अशी भीती जायची तर त्या जिवाला न घाबरता एकटं राहिल्याचा अनुभव पुन्हा पुन्हा मिळावा लागतो, सुरुवातीला अगदी काही सेकंदांचा. या प्रकरणातली बाकी सगळी चर्चा या एका गोष्टीभोवती आहे.

आधी सुडाचं बघू. "मी ऑफिसला गेले म्हणून मुद्दाम माझीच चप्पल फाडली," असं अनेकजण मनापासून मानतात. पुरावा म्हणून कुत्र्याचा चेहरा दाखवतात. आपण घरात पाऊल टाकताच त्यानं कान पाडलेले असतात, नजर चुकवलेली असते, शेपूट पोटाखाली घेतलेली असते. म्हणजे आपलं चुकलंय हे त्याला कळतं, असा निष्कर्ष. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हाच चेहरा तपासला. 14 पाळीव कुत्र्यांपुढे खाऊ ठेवला, मालकानं "खायचा नाही" असं बजावलं आणि तो खोलीबाहेर गेला. परत आल्यावर कुत्र्यानं खाऊ खाल्ला की नाही हे मालकाला सांगितलं जाई, पण ते दर वेळी खरं नसे. निष्पाप कुत्र्यांवरही ठपका आला आणि खाऊ फस्त केलेले काही कौतुकाचे धनी झाले. तो 'अपराधी' चेहरा मालक रागावला की दिसत होता. कुत्र्यानं प्रत्यक्षात काय केलं होतं, याच्याशी त्याचा संबंध लागला नाही. उलट काहीही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तो जास्तच ठळक होता. थोडक्यात, तो चेहरा आपला राग ओळखून आलेला असतो. संध्याकाळी साडेसातला केलेली शिक्षा सकाळी दहाच्या कुरतडण्याशी कुत्रा जोडू शकत नाही. त्याला एवढंच समजतं की माणसं गेली की जीव घाबरा होतो आणि परत आली की मार बसतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या धास्तीत आणखी एका भीतीची भर पडते.

मग दार लागल्यावर त्याच्या आत काय होतं? अमेरिकेत काम केलेले, मूळचे इस्टोनियाचे मेंदूशास्त्रज्ञ याक पँकसेप यांनी सत्तरच्या दशकात पिल्लांच्या रडण्याचा अभ्यास केला. आईपासून, भावंडांपासून तोडलेलं पिल्लू एका विशिष्ट सुरात रडतं. मॉर्फिनची अगदी कमी, गुंगी येणार नाही इतकीच मात्रा दिली तर ते रडणं थांबतं, असं 1978 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. शरीराची वेदना शमवणारं रसायन विरहाचा आकांतही शमवतं, याचा अर्थ मेंदूत या दोन यातनांच्या वाटा कुठेतरी एकमेकींना मिळतात. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत खोलवर असलेल्या या यंत्रणेला पँकसेप यांनी पुढे पॅनिकची यंत्रणा असं नाव दिलं. ती विचार करून चालू होत नाही, त्यामुळे दटावून बंदही होत नाही. पिल्लू आईपासून लांब गेलं की ओरडावं आणि आईनं त्याला शोधून काढावं, यासाठी ती घडलेली आहे.

मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत आईची जागा माणूस घेतो. बुडापेस्टच्या योत्वोश लोरांड विद्यापीठातल्या योझेफ टोपाल आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये 51 कुत्री आणि त्यांचे मालक यांच्यावर एक चाचणी केली. ती मुळात तान्ह्या मुलांसाठी होती. मूल आणि आई यांच्यातली ओढ मोजण्यासाठी मेरी एन्सवर्थ यांनी ती बसवली होती. अनोळखी खोली, काही खेळणी, मालक, एक परकी व्यक्ती आणि आळीपाळीनं दोघांचं बाहेर जाणं-येणं, एवढाच मामला. मालक जवळ असताना कुत्री जास्त खेळली, खोली हिंडून बघितली. तो गेला की दाराशी जाऊन उभी राहिली. परत आला की परक्यापेक्षा कितीतरी ओढीनं त्याला भेटली. हे चित्र आई आणि मुलाच्या चित्राशी बरंच जुळणारं होतं. म्हणून "कुत्राच तो, सवय होईल," हे वाक्य मला नेहमी खटकतं. ज्या प्राण्याला आपण हजारो वर्षं माणसाच्या सोबतीनं वाढवत आलो, त्याला माणूस नसण्याची आपोआप सवय होईल असं गृहीत धरणं अन्यायाचं आहे.

लाडांवर खापर फोडणं तर फारच सोपं. पलंगावर झोपायला दिलं, ताटातलं दिलं, मांडीवर घेतलं, म्हणून असं झालं, हे घरातली ज्येष्ठ मंडळी सांगतात आणि काही प्रशिक्षकही सांगतात. अमेरिकेतल्या व्हिक्टोरिया व्होइथ आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये कुत्री पाळणाऱ्यांची मोठी पाहणी करून हाच प्रश्न तपासला. ज्यांचे असे लाड होत होते त्यांच्यात वागणुकीच्या तक्रारी जास्त आढळल्या नाहीत. ताटातलं देऊ नये, याला आरोग्याची वेगळी कारणं आहेत. पण शेजारी झोपवल्यामुळे कुत्रा घाबरट झाला या अपराधी भावनेनं कोणी त्याला रात्री बाल्कनीत ढकलत असेल, तर त्यांनी आजच त्याला आत घ्यावं.

कारण माझ्या मते दुसरीकडे आहे, आणि ते म्हणजे बंद दार. खेड्यातला शेतावरचा कुत्रा दिवसभर मोकळा असतो. मालक बाजाराला गेला तरी खळ्यावर कोणी ना कोणी असतं, गुरं असतात, गल्लीतली इतर कुत्री असतात. जुन्या वाड्यातही चौकात माणसांचा राबता असायचा. सहा-सात खणांच्या बंदिस्त घरात, आठ-नऊ तास, एकही जिवंत प्राणी सोबत नसताना राहण्याची वेळ या जातीवर आत्ता, शहरांतल्या फ्लॅटमध्ये आली. त्यात 2020 च्या टाळेबंदीत अनेक घरांत पिल्लं आली. ती पूर्ण घरासोबत वाढली, घर रिकामं असू शकतं हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. ऑफिसं उघडली आणि एका सोमवारी सगळे एकदम गेले. काही पिल्लांनी ते पचवलं, काहींना ते जमलं नाही. हा फरक थोडा उपजत स्वभावाचा असतो, थोडा बालपणाचा, आणि घर बदलणं, माणूस जाणं, एकटं असताना फटाक्यांनी किंवा विजेच्या कडकडाटानं घाबरणं अशा एखाद्या धक्क्याचाही असतो.

उपाय सुरू करण्याआधी हे खरंच धास्तीचं प्रकरण आहे का, ते पाहायला हवं. कंटाळलेला तरुण कुत्राही चपला फाडतो. दात येणारं पिल्लू टेबलाचे पाय कुरतडतं. मूत्रमार्गाचा संसर्ग असेल तर शिकलेला कुत्राही घरात शू करतो. दहा-बारा वर्षांच्या कुत्र्यानं एकाएकी एकटं राहायला नकार दिला, तर सांधेदुखी, मंद झालेली नजर किंवा कान, म्हातारपणी मेंदूत होणारे बदल यांची तपासणी आधी करावी. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठात डॅनियल मिल्स यांच्या गटानं 2020 मध्ये 2,700 हून अधिक कुत्र्यांची माहिती अभ्यासली. एकटं असतानाच्या गोंधळामागे त्यांना वेगवेगळी कारणं दिसली. कोणाला घरातल्या कशापासून तरी पळायचं असतं, कोणाला बाहेरच्या कशापर्यंत तरी पोचायचं असतं, कोणी बाहेरच्या आवाजांनी बिथरतो आणि कोणी निव्वळ कंटाळतो. वॉचमनच्या शिट्टीवर आणि लिफ्टच्या आवाजावर भुंकणाऱ्या कुत्र्यासाठी खिडकीचा पडदा ओढणं आणि रेडिओ लावून ठेवणं पुरेसं ठरू शकतं. धास्तीच्या कुत्र्याला रेडिओनं काही होत नाही.

ओळखायचा मार्ग एकच, आणि तो आता प्रत्येक घरात आहे. जुना मोबाईल टीव्हीच्या कपाटावर टेकवून ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि खरोखर घराबाहेर जा. कंटाळलेला कुत्रा आधी बराच वेळ झोपतो, मग उठून काहीतरी उद्योग शोधतो. धास्तावलेल्या कुत्र्याचं बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच, अनेकदा पहिल्या दोन-चार मिनिटांतच सुरू होतं. दार ते खिडकी अशा येरझाऱ्या, धापा, लाळ, थरथर, मान वर करून लांबवलेलं रडणं. त्याचा सगळा रोख दारावर असतो. आणखी एक खूण मला फार बोलकी वाटते. जाताना ठेवलेला आवडता खाऊ तो हुंगतसुद्धा नाही आणि तुम्ही परत आल्यावर अर्ध्या मिनिटात संपवतो. काही कुत्री मुळीच आवाज करत नाहीत, दाराकडे बघत तासन् तास थरथरत बसतात. त्यांच्याबद्दल शेजारी तक्रार करत नाहीत, म्हणून त्यांची यातना कोणाला कळत नाही. कॅमेरा लावायचा तो मुख्यतः अशांसाठी.

आता उपायाकडे. त्यामागचं तत्त्व माणसांवरच्या उपचारातून आलेलं आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती घालवली. तो खात असताना ससा दुरून दाखवायचा आणि रोज थोडा जवळ आणायचा, अशी ती रीत होती. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या जोसेफ वोल्पी यांनी 1958 च्या आपल्या पुस्तकात या पद्धतीला शास्त्रीय चौकट दिली. भीतीची वस्तू इतक्या कमी मात्रेत समोर आणायची की भीती जागीच होणार नाही, आणि मग मात्रा हळूहळू वाढवायची. याच्या उलट काय असतं, ते खेड्यात वाढलेल्यांना सांगायला नको. पोहता यावं म्हणून पोराला विहिरीत ढकलून देतात. काही पोरं हातपाय मारत वर येतात आणि काही जन्मभर पाण्याजवळ जात नाहीत. "रडू दे, दमला की गप्प बसेल," हा सल्ला कुत्र्याला असंच विहिरीत ढकलतो. तो दमून गप्प बसतो तेव्हा भीती गेलेली नसते, त्राण गेलेलं असतं.

प्रत्यक्षात हे कसं करायचं, ते समजायला एक कल्पित घर घेऊ. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, नवरा-बायको दोघं नोकरी करणारी, आणि रस्त्यावरून आणलेली तीन वर्षांची गावठी कुत्री, चिमी. दोघांनी मोबाईलवरून घरातल्या मोबाईलला व्हिडिओ कॉल लावला, आपला आवाज बंद केला, दार ओढून घेतलं आणि जिन्यात उभं राहून बघितलं. चिमी दारापर्यंत आली, कान टवकारून उभी राहिली. मग उगाच जांभई दिली, नाक चाटलं, एक चक्कर मारली आणि कुंईकुंई सुरू केली. यातली निर्णायक खूण कुंईकुंई नव्हे. ती त्या आधीची आहे, झोप न येताच दिलेली जांभई. समजा, ती बाराव्या सेकंदाला आली. तर चिमीची मर्यादा बारा सेकंद, आणि अभ्यासाची सुरुवात पाच सेकंदांपासून.

पाच सेकंद ऐकून लोकांचा चेहरा पडतो. पण सगळं यश या पाच सेकंदांत आहे. दार ओढायचं, पाच सेकंदांनी आत यायचं, काही न बोलता दोन पावलं चालायचं, चिमी पुन्हा आडवी होईपर्यंत थांबायचं. मग आठ सेकंद. मग तीन. मग दहा, मग चार. दर वेळी वाढवत नेलं तर कुत्र्याला कळतं की आता पुढचं याहून लांब असणार, आणि ती वाट बघण्यातच भीती भरते. म्हणून कधी जास्त, कधी कमी. दिवसातून एकदा, वीस मिनिटं, त्यात चार-सहा फेऱ्या आणि आठवड्याला एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. चिमी अस्वस्थ दिसली तर त्या दिवसापुरतं थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी सोपं करायचं. तिथे "आणखी एकदा बघू" म्हणायचं नाही. दार उघडण्यानंच ती उठून उभी राहत असेल, तर बाहेर जायचंच नाही. दारापर्यंत चालत जाऊन परत यायचं, मग कडीला हात लावून, मग दार किलकिलं करून.

जाण्याच्या तयारीचाही विचार करावा लागतो. कुत्र्यांना घड्याळ कळत नसेल, पण सकाळचा क्रम त्यांना तोंडपाठ असतो. डबा भरला गेला, लॅपटॉप बॅगेत गेला, देवाला हात जोडले, हेल्मेट उचललं, किल्ल्या वाजल्या, "येते हं" म्हटलं. काही कुत्री डब्याच्या झाकणापाशीच थरथरायला लागतात. यातली एकेक खूण निरर्थक करत न्यायची. किल्ल्या उचलायच्या आणि चहा टाकायला जायचं. हेल्मेट घालून बातम्या बघायच्या. मात्र हे दिवसभर करत सुटायचं नाही, हा सल्ला अनेक ठिकाणी अर्धवट दिलेला असतो. फार घाबरणाऱ्या कुत्र्यासमोर दर दहा मिनिटांनी किल्ल्या वाजवल्या तर तो दिवसभर टांगणीवर राहतो. एका वेळी एकच खूण, दिवसातून दोन-चारदा, आणि कुत्रा तिच्याकडे लक्ष देईनासा झाला की दुसरी.

प्रगती सरळ रेषेत होत नाही. पहिला अर्धा-पाऊण तास गाठायला अनेक आठवडे, काही वेळा कित्येक महिने लागतात. तो एकदा पक्का झाला की मात्र उड्या मोठ्या घेता येतात. पाऊण तास शांत झोपणारा कुत्रा दीड तासही बहुधा झोपतो.

आणि आता सगळ्यांत अवघड मागणी. हा अभ्यास चालू असेपर्यंत कुत्र्याला त्याच्या मर्यादेपलीकडे एकटं सोडायचं नाही. सकाळी पाच सेकंदांचा धीर शिकवायचा आणि दहा वाजता आठ तासांसाठी कुलूप लावून जायचं, हे चालत नाही. त्या आठ तासांत दार लागणं म्हणजे संकट, हाच धडा पुन्हा गिरवला जातो. "मग नोकरी सोडू का?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका माणसाकडे क्वचितच असतं, आजूबाजूच्या चार माणसांकडे मिळून असू शकतं. बऱ्याच कुत्र्यांना अमुकच व्यक्ती हवी असते असं नाही, ओळखीचं कोणीही चालतं. शेजारच्या इमारतीतले निवृत्त काका पेपर वाचायला इथे येऊन बसतील का? परीक्षेच्या अभ्यासाला शांत जागा शोधणारी एखादी मुलगी दुपारी तुमच्या घरी बसेल का? कामाला येणाऱ्या मावशींची वेळ बदलून आणि थोडे जास्त पैसे देऊन दोन तास भरून निघतील का? नवरा-बायकोपैकी एकाला सकाळची पाळी आणि दुसऱ्याला आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळेल का? मोठ्या शहरांत कुत्र्यांची पाळणाघरं आहेत, ती महाग आहेत, पण काही महिन्यांपुरती ती जमू शकतात. एकच पर्याय मुळीच नको: गाडीत ठेवून जाणं. आपल्या उन्हात बंद गाडी काही मिनिटांत कुत्र्याचा जीव घेते.

ज्याच्या घरात कोणीच नाही आणि खिशात पैसे नाहीत त्याच्यासाठी हे फार कठीण आहे. अशा वेळी सोसायटीतल्या लोकांना विश्वासात घेतलेलं बरं. "आमची कुत्री घाबरते, आम्ही उपचार करतोय, दोन-तीन महिने लागतील," एवढं आधीच सांगितलं तर तक्रार करणारेच शेजारी मदतीला येतात, हे मी अनेक इमारतींत पाहिलं आहे. तरीही कोणी कुत्रा काढून टाका म्हणून दबाव आणत असेल तर हे माहीत असू द्या: भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, आणि भुंकणं हे बंदीचं कारण ठरत नाही.

खाऊबद्दल. रबरी पोकळ खेळण्यात दहीभात भरून फ्रीजरमध्ये गोठवून द्यावा, चाटत बसतो, ही युक्ती कंटाळलेल्या कुत्र्यासाठी उत्तम आहे. चाटण्यानं कुत्री शांत होतात हेही खरं. पण धास्तावलेला कुत्रा खाऊ संपेपर्यंतच गुंतलेला राहतो आणि मग दचकून भानावर येतो. थोड्याच दिवसांत ते खेळणं दिसलं की आता ही जाणार, असं तो शिकतो. म्हणून तेच खेळणं तुम्ही घरात असतानाही देत चला. भातात कांदा नको. मनुका, द्राक्षं, चॉकलेट तर अजिबात नको, ती विषारी ठरतात.

निघताना कुत्र्याकडे बघायचंही नाही, आल्यावर पंधरा मिनिटं ओळख दाखवायची नाही, असा एक कडक नियम वर्षानुवर्षं सांगितला जातो. तो पाळायची गरज नाही असं मला वाटतं. इटलीत पिसा विद्यापीठातल्या किआरा मारिती आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये थोड्याच कुत्र्यांवर पण नेमका प्रयोग केला. थोड्या वेळासाठी दूर जाण्याआधी मालकानं कुरवाळलं, तेव्हा कुत्री जास्त शांत राहिली. दारात रडारड करू नये, एवढं खरं. पण पाठीवरून हात फिरवून निघालात तर काही बिघडत नाही.

औषधांबद्दल आपल्याकडे फार संकोच आहे. "कुत्र्याला मानसिक आजाराच्या गोळ्या?" असं म्हणत लोक वर्षभर नुसतं सोसत राहतात. कुत्र्यांच्या या धास्तीसाठी क्लोमिप्रामिन या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 1998 मध्ये मान्यता दिली आणि फ्लुऑक्सेटिनला 2007 मध्ये. दोन्हींची मान्यता शिकवणीच्या जोडीनं वापरण्यासाठी आहे. ती गुंगी आणून गप्प करण्यासाठी नाहीत. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि तो दिसला की बारा सेकंदांची मर्यादा दोन-तीन मिनिटांवर जाऊ शकते. म्हणजे शिकवायला जागा मिळते. जो कुत्रा दारावर नखं रक्तबंबाळ करतो किंवा खिडकीतून उडी मारू बघतो, त्याच्या बाबतीत औषध शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवणं मला क्रूर वाटतं. त्याच्या औषधाबद्दल पहिल्याच भेटीत पशुवैद्याशी बोलावं. स्वतःच्या किंवा घरातल्या आजीच्या झोपेच्या गोळीचा तुकडा मात्र कधीही देऊ नये. प्रवासासाठी वगैरे पूर्वी सर्रास दिलं जाणारं एसिप्रोमाझिन एकट्यानं वापरलं तर शरीर सुस्त करतं आणि भीती तशीच ठेवतं, त्यामुळे या आजारावर ते उपयोगाचं नाही.

पिंजरा सवयीचा असेल तर काही कुत्र्यांना गुहेसारखा सुरक्षित वाटतो. घाबरलेल्या कुत्र्याला त्यात कोंडलं तर गज चावून तो दात मोडून घेतो. भुंकल्यावर विजेचा झटका देणारे पट्टे विकत मिळतात. त्यांनी आवाज बंद होईल, पण घाबरलेल्या जिवाला घाबरल्याची शिक्षा देणं यापेक्षा वाईट काही मला सुचत नाही. बाल्कनीत साखळीला बांधून जाणं हाही उपाय नव्हे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात, सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तो गुन्हा, असं स्वतंत्र कलम आहे. सोबतीला दुसरा कुत्रा आणावा का, असं बरेच जण विचारतात. दुसरा कुत्रा मनापासून हवा असेल तर आणा. पहिल्याची ओढ माणसाकडे असते, त्यामुळे त्याची धास्ती बहुधा तशीच राहते. क्वचित दुसरा त्याच्याकडून ती शिकतो.

पिल्लू आणणार असाल तर बरंच काही आधीच टाळता येतं. आपल्याकडे 30-40 दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात, घेणाऱ्यांनाही ती तेवढीच इवली हवी असतात. इटलीतल्या संशोधकांनी 2011 मध्ये दोन गटांची तुलना केली: 30 ते 40 दिवसांची असताना आईपासून तोडलेली आणि दोन महिन्यांपर्यंत तिच्याजवळ राहिलेली. लवकर तोडलेल्यांत मोठेपणी भित्रेपणा, अति भुंकणं, नासधूस हे सगळं जास्त आढळलं. भारतातल्या 2017 च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तुम्ही विचारलंत तरच विक्रेता तो नियम पाळेल. पिल्लू घरी आल्यावर पहिले काही दिवस त्याला रात्री जवळ झोपू द्या. मग दिवसा, पोट भरून ते पेंगत असताना, दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. अंघोळीला जाताना दार लावून घ्या. कचरा टाकायला खाली जाऊन या. घर रिकामं होतं आणि पुन्हा भरतं, हे त्याला रोजच्या रोज, काहीच विशेष न घडता कळत राहू द्या.

धास्ती नसलेल्या, मोठ्या, निरोगी कुत्र्यालाही किती वेळ एकटं ठेवावं? स्वीडनच्या नियमांनुसार कुत्र्याला दिवसा किमान दर सहा तासांनी बाहेर न्यावं लागतं. आपल्याकडे असा नियम नाही, पण पाळण्यासारखा आहे. दुपारी कोणीतरी येऊन फिरवून जाईल एवढी सोय कुत्रा आणण्याआधीच पाहावी.

बऱ्या झालेल्या कुत्र्याच्या बाबतीत एक काळजी कायम घ्यावी लागते. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत सगळे आठ-पंधरा दिवस घरी असतात, किंवा घर बदललं जातं, किंवा तो आजारी पडतो आणि कोणीतरी सतत उशाशी असतं. त्यानंतर पहिल्याच दिवशी त्याला पूर्ण वेळ एकटं सोडू नका. सुट्टीतही रोज एकदा सगळ्यांनी मिळून अर्धा तास बाहेर पडा. ते राहून गेलं असेल तर जुना मोबाईल पुन्हा कपाटावर ठेवा, दार ओढून घ्या आणि तो किती वेळ निवांत राहतो ते पाहून तिथून सुरुवात करा. दुसऱ्या खेपेला पहिल्याइतका वेळ सहसा लागत नाही.